तोल, ताकद आणि दुखावलेला स्नायू

जबलपूर शहराच्या एका अंगाला मदनमहालाची गोंडकालीन गढी एका काळ्या खडकावर उभी आहे. तिच्या वाटेवर एक अवाढव्य शिला दुसऱ्या शिलेवर इतक्या अल्प जागेत टेकली आहे की पाहणाऱ्याला वाटावे, वाऱ्याच्या झुळुकीनेही ती गडगडेल. २२ मे १९९७ रोजी पहाटे या प्रदेशाला भूकंपाचा हादरा बसला आणि शहरातील कित्येक घरे पडली. ही तोलशिला मात्र तसूभरही ढळली नाही. तिच्या वजनाचा मध्य तिच्या आधाराच्या बरोबर वर आहे, एवढेच या नवलाचे कारण. माणसाने जड वस्तू उचलण्याची जी विद्या शतकानुशतके घडविली, तिचे मूळही याहून निराळे नाही. भार मोठा की लहान, हा प्रश्न पुढचा. भाराचा मध्य आणि पावलांचा आधार एका रेषेत राहतात की नाही, हा पहिला. ही रेषा चुकली की भार पेलण्याचे काम कोणा एका दुबळ्या स्नायूवर येऊन पडते, आणि तो स्नायू दुखावतो.

या विद्येचा विचार करण्यास जबलपूर हे ठिकाण अगदी योग्य आहे. गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी घेतले, १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या डिसेंबरात तो इंग्रजांच्या हाती गेला. दक्षिणेतून नागपूरमार्गे काशी-प्रयागाकडे जाणारा हमरस्ता याच गावावरून जाई. त्या रस्त्याने यात्रेकरू गेले, पलटणी गेल्या, तसे तालमीत घोटलेले गडीही गेले असतील. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले, आणि पेशवाई बुडाल्यावर ती परंपरा बाजीरावाबरोबर गंगेकाठच्या ब्रह्मावर्तास पोहोचली. पुढे १८७० मध्ये मुंबईकडून आलेला लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग जबलपुरातच एकमेकांना मिळाले. मराठी मुलखातील तालीम आणि उत्तरेकडील आखाडा यांच्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात, असे हे गाव आहे.

तालमीत भार उचलण्याची साधने साधी असत. जोर आणि बैठका यांत स्वतःच्या देहाचाच भार. त्यापुढे मुद्गल आणि करेला. त्यापुढे दगडाचा नाल, म्हणजे मध्ये मूठ धरण्याची सोय असलेला जड गोल पाषाण. नव्या पोराला वस्ताद कधीही एकदम नाल उचलू देत नसे. आधी कित्येक महिने जोर-बैठका, मग हलका मुद्गल, आणि खांदा व कंबर तयार झाली असे वस्तादाच्या नजरेने ठरविले की मग नाल. या क्रमाला शास्त्रीय नाव नव्हते, तथापि त्यात शास्त्र होते. कंडरा आणि अस्थिबंध हे स्नायूंपेक्षा सावकाश बळकट होतात; उत्साही तरुणाचे स्नायू दोन महिन्यांत फुगतात, पण त्यांना हाडाशी जोडणारे दोर मागेच राहतात. वस्तादाला हे पुस्तकातून ठाऊक नव्हते. घाई केलेल्या पोरांची गत पाहून ते त्याला कळले होते.

जेजुरीच्या दसऱ्याला खंडोबाचा सुमारे बेचाळीस किलोंचा खंडा एका हाती तोलून धरण्याची चढाओढ आजही होते. तिथे जमलेल्या लोकांच्या नजरा खंड्यावर असतात. जाणकार मात्र गड्याच्या पावलांकडे पाहतो. लांब वस्तू मुठीपासून जितकी दूर पसरते तितका तिचा ओढा मनगटावर वाढतो. म्हणून जो गडी कोपर अंगाजवळ ठेवून, कंबर न वाकविता खंडा तोलतो तोच अधिक वेळ टिकतो. बळकट पण उतावळा गडी तेथे मागे पडतो.

भार उचलणे हा जबलपुरात केवळ आखाड्यातला विषय राहिला नाही. १९०४ मध्ये येथे तोफगाड्यांचा सरकारी कारखाना उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना आला, आणि १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा. लोखंडाचे ओतीव तुकडे, तोफांची चाके, गोळ्यांच्या पेट्या हे सारे यारीने उचलले जात असले तरी यारीपर्यंत ते माणसाच्या हातांनीच पोहोचायचे. आखाड्यातल्या गड्याची कंबर धरली तर तो चार आठवडे कुस्ती सोडतो. कामगाराची कंबर धरली तर चूल बंद पडते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याने कामावर झालेल्या इजेची जबाबदारी मालकावर टाकली, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याच्या चौतिसाव्या कलमाने, इजा होण्याचा संभव असेल इतका जड बोजा कोणाकडूनही उचलवून घेऊ नये, असे बजावले. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हातांनी उचलावयाच्या बोज्याची मर्यादा ५५ किलो सुचविली. त्या वेळी या देशातील गोदामांत शंभर किलोंची पोती पाठीवरून वाहिली जात होती, हे लक्षात घेतले म्हणजे कागद आणि पाठ यांतले अंतर ध्यानात येते.

युरोपात मात्र भार उचलणे हा स्पर्धेचा विषय झाला. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये एका हाताने आणि दोन हातांनी भार उचलण्याच्या स्पर्धा होत्या. १९२० पासून देहाच्या वजनाप्रमाणे गट पडले आणि १९२८ मध्ये प्रेस, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क हे तीन प्रकार ठरले. बर्लिनच्या १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये हिंदुस्थानातर्फे भारोत्तोलनात उतरलेला झॉ वीक हा ब्रह्मदेशचा होता, कारण ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानापासून वेगळा झालेला नव्हता. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेली ही संस्था आणि जबलपूर शहर १९५६ पर्यंत एकाच मध्यप्रांत-वऱ्हाड प्रांतात होते. एकाच नगरीत एकीकडे लोखंडी दांडी आणि दुसरीकडे देशी खेळ असा तो योग होता. पण दोहोंची ओळख व्हावयास पुढे बराच काळ जावा लागला.

लोखंडी दांडीचे तंत्र आखाड्यातल्या माणसाला प्रथम उलटेच वाटते. सामान्य समजूत अशी की भार वर न्यावयाचा असतो. स्नॅचमध्ये भार वर जातो तो जेमतेम छातीच्या आसपास. मग क्षणार्धात गडी स्वतःच त्याच्याखाली बसतो, हात सरळ करून भार डोक्यावर धरतो आणि त्यानंतर पायांच्या बळावर उभा राहतो. दांडी पोटरी-मांडीला जवळजवळ घासत वर यावी लागते. ती चार बोटे जरी पुढे गेली तरी कमरेवरचा ताण एकदम वाढतो. पाठ ताठ, श्वास भरून धरलेला, जोर टाचांतून आणि मांड्यांतून; हात हे केवळ दोर. हातांनी ओढू गेलेल्याचा खांदा दुखावतो, पाठीने उचलू गेलेल्याच्या कमरेत उसण भरते. तंत्राच्या चुकीमुळे एक अख्खा प्रकारच कसा बाद झाला हे प्रेसच्या इतिहासात दिसते. या प्रकारात भार खांद्यावरून केवळ हातांनी वर ढकलावयाचा होता. पण स्पर्धक हळूहळू मागे झुकू लागले, ते इतके की छातीच आकाशाकडे व्हावी. पंचांना निवाडा करणे कठीण झाले, आणि कमरेच्या मणक्यांना धोका वाढला. १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकनंतर प्रेस स्पर्धेतून काढून टाकण्यात आली.

इतके करूनही स्नायू दुखावतोच. दुखावल्यावर काय करावे, या बाबतीत आखाड्याचे उत्तर ठरलेले होते: आंबेहळद आणि रक्तबोळाचा गरम लेप, शेक, आणि मोहरीच्या तेलाने मर्दन. हाडवैद्य हा तालमीचाच एक घटक होता. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्राध्यापक माणिकराव हे देशी व्यायामाचे आचार्य म्हणून जितके प्रसिद्ध होते, तितकेच मोडलेली हाडे आणि लचकलेले सांधे हातांनी सुधारणारे म्हणूनही होते. त्याच बडोद्यातून दत्तात्रय चिंतामण करंदीकर ऊर्फ मुजुमदार यांनी दहा खंडांचा व्यायाम-ज्ञानकोश मराठीत सिद्ध केला. व्यायाम आणि उपचार ही एकाच शास्त्राची दोन अंगे आहेत, हा विचार या मंडळींनी मराठीत रुजविला, ही त्यांची मोठी कामगिरी होय.

तथापि आखाड्याच्या उपचारांत एक मोठा दोष होता, आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. ताज्या मारावर जोराने मर्दन केल्याने फाटलेल्या तंतूंतील रक्तस्राव वाढतो; क्वचित त्या साकळलेल्या रक्ताच्या जागी, स्नायूच्या आतच, हाडासारखा कठीण भाग तयार होतो. “अंग मोकळे करून देतो” म्हणून पहिल्याच दिवशी मांडीवर चढून बसणारा मर्दनी माणूस उपकारापेक्षा अपकारच अधिक करी. डॉक्टरांचा दोष नेमका याच्या उलट होता. ते पट्टी बांधीत आणि आठवडेच्या आठवडे अंथरुणावर निजवून ठेवीत. त्यामुळे वेदना थांबे खरी, पण मांडी वाळून जाई.

हा पेच सुटू लागला तो दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, अमेरिकेतील शिकागोच्या एका लष्करी रुग्णालयात. थॉमस डीलॉर्म हा तरुण डॉक्टर स्वतः भार उचलण्याचा शौकीन होता. लहानपणीच्या संधिवाताच्या तापानंतर त्याने व्यायामानेच देह पुन्हा उभा केला होता. गुडघे आणि मांड्या निकामी झालेल्या सैनिकांना त्याने हलक्या हालचाली देण्याऐवजी जड भार उचलावयास लावला आणि तो क्रमाक्रमाने वाढविला. १९४५ मध्ये त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९४८ मध्ये वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर त्याने सुटसुटीत पद्धत मांडली: रोग्याला जो भार जेमतेम दहा वेळा उचलता येतो, त्याच्या निम्म्याने दहा वेळा, पाऊण भाराने दहा वेळा आणि शेवटी पूर्ण भाराने दहा वेळा. दर आठवड्याला भार नव्याने मोजावयाचा. आधी हलका मुद्गल आणि मग नाल देणाऱ्या वस्तादाला ही पद्धत परकी वाटली नसती. फरक एवढाच की वस्ताद ती धडधाकट पोराला लावी आणि डीलॉर्मने ती दुखावलेल्याला लावली.

पुढच्या संशोधनाने त्यामागची कारणे उलगडली. १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो याने बेडकाच्या स्नायूत, तंतूच्या कडेला चिकटून निपचित पडलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. इजा होताच या पेशी जाग्या होतात, वाढतात आणि नवे तंतू विणतात. त्याच वेळी जखमेत व्रणाची ऊतीही भरत असते, आणि दोघांत जणू शर्यतच लागते. फिनलंडमधील यार्विनेन याने १९७० नंतरच्या दशकात उंदरांच्या स्नायूंवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की इजेनंतर लगेच ताण दिला तर व्रण मोठा होतो आणि फार काळ बांधून ठेवले तर नवे तंतू वेडेवाकडे वाढतात. थोडे दिवस विसावा आणि मग सावकाश हालचाल दिली तर ते तंतू ओढीच्या दिशेने सरळ लागतात. बर्फाविषयीही असाच फेरविचार झाला. विसावा, बर्फ, दाब आणि अंग उंचावर ठेवणे ही चतुःसूत्री गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरने १९७८ मध्ये लोकप्रिय केली होती. बर्फाने वेदना शमते, पण भरून येण्याची क्रिया लांबूही शकते, असे सांगून पुढे त्यानेच आपले मत बदलले. स्वतःच्याच सूत्रावर फुली मारणारा वैद्य विरळा.

मीराबाई चानू हिचे उदाहरण या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०१८ मध्ये कमरेच्या दुखण्याने तिला आशियाई क्रीडास्पर्धेला मुकावे लागले. २०२० मध्ये ती अमेरिकेत आरन हॉर्शिग या तज्ज्ञाकडे गेली, तेव्हा दुखण्याचा माग शरीराच्या दोन बाजूंतील असमतोलापर्यंत पोहोचला. उपचार म्हणून भार बंद झाला नाही; आधी तोल सुधारला, मग भार वाढला. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदला तिने क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोंचा जागतिक विक्रम केला आणि त्याच वर्षी टोकियोत एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळविले. सांगलीच्या संकेत सरगरची गोष्ट दुसऱ्या टोकाची. २०२२ च्या बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १३९ किलो पेलताना त्याचे उजवे कोपर दुखावले, तरी सुवर्णपदकासाठी तो पुन्हा एकदा दांडीपाशी गेला. भार उचलला गेला नाही. त्याचे २४८ किलो झाले, आणि मलेशियाचा अनिक कसदान २४९ किलोंवर जिंकला. त्या शेवटच्या प्रयत्नाचे कौतुक झाले, आणि ते स्वाभाविकही होते. पण दुखावलेल्या हाताने तो प्रयत्न करू दिला जावा की नाही, हा प्रश्न कोणत्याही जुन्या वस्तादाने विचारला असता.

खेळाडूपाशी निदान तज्ज्ञ असतात आणि पुढच्या मोसमापर्यंत थांबण्याची सवड असते. जबलपूरच्या रेल्वेस्थानकावर, जिथे १८७० मध्ये दोन दिशांचे रूळ जुळले, तिथे परवान्याचा बिल्ला दंडावर बांधलेला हमाल गाडी थांबताच दोन पेट्या डोक्यावर आणि एक हातात घेतो. गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून तो पेटी अंगालगत उचलतो. हे तंत्र त्याला कोणी शिकविलेले नाही. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्याला सहायक हे नवे नाव मिळाले. त्याची मिळकत मात्र दर बोज्यामागे ठरते, आणि मांडीचा स्नायू धरला तर पहिल्या आठवड्याचा विसावा आणि दुसऱ्या आठवड्याची सावकाश हालचाल या दोन्ही गोष्टी तो आपल्याच खिशातून भरतो.