लाँग आयलंडचे दफ्तर

अमेरिकेतील लाँग आयलंडवर वैद्यकी करणाऱ्या आजोबांच्या व वडिलांच्या टिपणांचे दफ्तर चाळून, अनैच्छिक अंगविक्षेप आणि बुद्धिभ्रंश ठरावीक घराण्यांतच वंशपरंपरेने उतरतात, व जी संतती त्यांतून सुटते तिच्यापुढे ही शृंखला कायमची तुटते, असे २२ वर्षांच्या जॉर्ज हंटिंग्टनने १८७२ साली लिहिले. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम तेव्हा अडगळीत पडले होते, हे ध्यानी घेता ही नजर असामान्यच म्हटली पाहिजे. पुढे शतकभर, हंटिंग्टनच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रोगाच्या निदानास आधार मुख्यतः रोग्याच्या हालचालींचा आणि वंशावळीचा. व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांच्या रक्तनमुन्यांमुळे १९९३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावरील सदोष जनुक सापडले, आणि त्यातील सीएजी या रासायनिक अक्षरांच्या त्रयीची आवर्तने ४० वा अधिक असल्यास, पुरेसे आयुष्य लाभताच, रोग अटळ, असा दाखला रक्तावरून मिळू लागला; तो मागण्यास मात्र पुष्कळ वारस राजी नसतात.