गर्भाशयाचे विकार आणि स्त्रीचे मौन : महाराष्ट्रातील अनुभवाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

गर्भाशयाच्या स्नायूंत वाढणारी गाठ, म्हणजेच फायब्रॉइड, क्वचितच कर्करोगाची असते. अनेकींना तिचा त्रास होत नाही व रजोनिवृत्तीनंतर ती बहुधा आक्रसते. तरीही अशा विकारांची परिणती अनेकदा गर्भाशय काढून टाकण्यात होते. हा निर्णय केवळ वैद्यकीय नसतो. लज्जा, विटाळाची कल्पना आणि श्रमव्यवस्था यांचाही त्यात वाटा असतो. महाराष्ट्राच्या संदर्भात या घटकांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मौनाची परंपरा

अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे या तक्रारी पुरुषांसमोर उच्चारायच्या नाहीत, दुखणे अंगावर काढायचे, ही शिकवण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. हिंदी स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टरांची आवश्यकता आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये बंगालमधील सेरामपूर येथील भाषणात मांडली. १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियातून वैद्यकीय पदवीधर झाल्या. शतकानंतरही ग्रामीण चित्र फारसे पालटले नव्हते. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. तक्रार मात्र ५५ टक्के स्त्रियांचीच होती आणि पूर्वी तपासणी व उपचार केवळ ८ टक्के स्त्रियांना मिळाले होते.

‘पिशवी’ आणि कोयता

मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात या मौनाला श्रमव्यवस्थेची जोड मिळाली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. खाडा झाल्यास पैसे कापले जातात. फडावर शौचालय व पुरेसे पाणी नसते. अशा स्थितीत पाळी हेच मजुरीचे नुकसान ठरते. मुले झाल्यावर पिशवीचा उपयोग काय, ही समजूत आणि कर्करोगाची भीती शस्त्रक्रियेचा मार्ग सुकर करते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे आलेल्या माहितीनुसार, सर्वेक्षणातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती.

तौलनिक संदर्भ

अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये फायब्रॉइडचे प्रमाण श्वेतवर्णीयांपेक्षा अधिक आहे. मिसिसिपीतील नागरी हक्कांच्या कार्यकर्त्या फॅनी लू हेमर १९६१ मध्ये गाठ काढून घेण्यासाठी रुग्णालयात गेल्या. तेथे संमतीविना त्यांचे गर्भाशयच काढण्यात आले. बीडमध्ये संमती होती. परंतु उचल, खाडा आणि भीती यांच्या दडपणाखाली दिलेली संमती कितपत स्वतंत्र मानावी, हा प्रश्न उरतोच.

समारोप

२०१९ नंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियांपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारण्याचे निर्देश दिले. हे नियम रुग्णालयाच्या दाराशी लागू होतात. स्त्रीला त्या दारापर्यंत आणणारी परिस्थिती मात्र फडावर घडते. म्हणून केवळ ‘अज्ञान’ हे कारण पुढे करणे अपुरे ठरते. बोलण्याची मोकळीक आणि खाड्याविना विश्रांती ही दोन्ही मिळाल्याखेरीज स्त्रीची संमती खऱ्या अर्थाने तिची ठरणार नाही.