एका औषधाची दोन बारशी

ॲलर्जीच्या तीव्र प्रकोपाने घसा सुजून श्वास कोंडला आणि रक्तदाब कोसळू लागला म्हणजे मांडीच्या स्नायूत जे इंजेक्शन तातडीने टोचतात, त्यास मुंबईचा डॉक्टर ‘ॲड्रिनॅलिन’ म्हणतो व शिकागोचा ‘एपिनेफ्रिन’. ही दोन निरनिराळी औषधे होत, अशी माझी कैक वर्षे समजूत होती. कोशात ‘अधिवृक्क’ शब्द पाहताना ती ढळली. लॅटिन ‘ॲड’ म्हणजे जवळ, ‘रेनेस’ म्हणजे मूत्रपिंडे. ग्रीक ‘एपि’ म्हणजे वर, ‘नेफ्रॉस’ म्हणजे मूत्रपिंड. मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीचा हा स्राव. तेव्हा नावे दोन, अर्थ जवळजवळ एकच.

या ग्रंथीच्या अर्काने रक्तदाब चढतो, हे ऑलिव्हर व शेफर यांनी 1895 पर्यंत दाखविले होते. तकरार उद्भवली ती पुढे. बाल्टिमोरच्या जॉन एबल यांनी या अर्कातून काढलेल्या आपल्या द्रव्यास ‘एपिनेफ्रिन’ म्हटले. 1900 साली न्यूयॉर्कमध्ये जोकिची ताकामिने व त्यांचे साहाय्यक उएनाका यांनी शुद्ध स्फटिक मिळविले, आणि पार्क-डेव्हिस कंपनीने ‘ॲड्रिनॅलिन’ या नावाची मालकी आपल्याकडे नोंदवून घेतली.

अमेरिकेने ग्रीक नाव राखले ते एबल यांच्या अग्रमानासाठी, असे कोणी म्हणतात. मला हे पटत नाही. एबल यांच्या हाती होते ते मूळ द्रव्य नव्हे, बेंझॉइल गट चिकटलेले त्याचे रूपांतर होते. खरे कारण व्यापारी: एका कंपनीची खाजगी मिळकत असलेले नाव सार्वजनिक औषधसंहितेत कसे घालावे? इंग्लंडात मात्र हेन्री डेल यांनी, आपल्या मालकांची नाखुशी पत्करून, 1906 साली ‘ॲड्रिनॅलिन’च वापरले, तेच इंग्रजी वैद्यकाबरोबर आपल्याकडे आले. कंपनीच्या व सर्वसामान्य नावांत रोमन लिपीत शेवटच्या एका अक्षराचा फरक आहे. देवनागरीत तोही उरत नाही, सबब हा मालकीचा दावा मराठीत चालताच ना!

आता आपला ‘अधिवृक्क’ घ्या: ‘अधि’ म्हणजे वर, ‘वृक्क’ म्हणजे मूत्रपिंड. अर्थात आपली परिभाषा ग्रीकांच्या पंगतीत बसली आणि जीभ लॅटिनांच्या, असे माझे मत. ‘अधिवृक्क’ हे ‘सुप्रारीनल’ या लॅटिन शब्दाचेही भाषांतर असू शकेल, हा आक्षेप सबळ आहे. तरी मी माझा हट्ट सोडीत नाही.

नावाचा वाद काही असो, औषध कामाला लागले: 1903 साली न्यूयॉर्कमध्ये दम्यावर ॲड्रिनॅलिनची इंजेक्शने दिली गेली. पुढे विषारी वायूवरील उताऱ्यासाठी अमेरिकी सैनिकांकरिता घडविलेल्या स्वयंचलित सुईवरून याच औषधाचे ‘एपिपेन’ निघाले व 1987 साली तेथे मंजूर झाले. त्या नावातून मूत्रपिंड पार गळाले आहे. व्युत्पत्ती काटेकोर लावू गेल्यास उरते ते नुसते ‘वरचे पेन’.