वसईच्या मुलखातला लपलेला ज्यू

वसईचा किल्ला पाहायला येणारी मंडळी मला कधीकधी विचारतात, इथे ज्यू होते का हो? सोपारा म्हणजेच सॉलोमन राजाला सोनं पुरवणारं बायबलातलं ओफीर, असं म्हणणारे विद्वान आहेत. पण तो तर्क झाला. त्यापेक्षा पक्की हकिगत सोळाव्या शतकातली आहे.

१४९२ साली स्पेननं ज्यूंना देशाबाहेर काढलं. त्यांतले बरेचजण शेजारच्या पोर्तुगालमध्ये शिरले. तिथे १४९७मध्ये त्यांना सक्तीनं बाप्तिस्मा देण्यात आला. त्यांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत. रविवारी चर्चमध्ये जायचं आणि घरात दारं लावून शनिवार पाळायचा, असं जगणारे त्यांच्यात होते. अशाच एका निर्वासित घरातला गार्सिया द ऑर्टा वैद्य झाला आणि १५३४ साली गोव्यात उतरला. त्याच वर्षाअखेर गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना तोडून दिली.

पुढे ऑर्टाला मुंबई बेट खंडानं मिळालं. त्या वेळी मुंबईचा कारभार वसईहून चाले, हे मुंबईकरांना सांगितलं की गंमत वाटते! १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात आपल्या औषधी वनस्पती तर आहेतच, शिवाय मुंबईत वर्षातून दोनदा फळणारा आंबाही आहे.

मला मात्र त्यातला एक उतारा विसरता येत नाही. वसईच्या मुलखातल्या लोकांची ओळख करून देताना तो पारशांकडे येतो. आम्ही पोर्तुगीज यांना ज्यू म्हणतो, पण ते ज्यू नाहीत, इराणातून आलेले आहेत, असं तो सांगतो. आणि कारणं देतो: त्यांची सुंता होत नाही, डुकराचं मांस त्यांना वर्ज्य नाही. ज्यू कोण आणि कोण नाही, हे इतक्या नेमकेपणानं सांगणारा माणूस स्वतः कोण, हे मात्र पुस्तकात कुठे येत नाही. येणार तरी कसं? १५६०मध्येच गोव्यात इन्क्विझिशनचं न्यायालय बसलं होतं.

ऑर्टा १५६८ साली अंथरुणावर मेला. त्यानंतर बहीण कातारिना पकडली गेली. १५६९मध्ये तिला गोव्यात जिवंत जाळलं. ऑर्टाची खरी श्रद्धा मोशेच्या धर्मावर होती, असं चौकशीत त्याच्या मेहुण्यानं सांगितलं. १५८०मध्ये थडगं उकरून त्याची हाडंही जाळण्यात आली. हे सगळं नीट उजेडात आलं ते १९३४ साली, एका पोर्तुगीज अभ्यासकानं चौकशीचे कागद धुंडाळले तेव्हा.

त्या न्यायालयाचा हात वसईपर्यंत पोचत होता. १६७३मध्ये दमणला पकडलेल्या शार्ल देलों या फ्रेंच वैद्याला गोव्याला नेताना आधी वसईच्या तुरुंगात ठेवलं होतं. तो ज्यू नव्हता, पण त्यानं लिहून ठेवल्यामुळे ही वाट आपल्याला कळते.

आता समुद्रानं थोडं दक्षिणेला या. अलिबाग, पेण, रोह्याच्या गावांत बेने इस्रायल लोक तेलाचे घाणे चालवत होते. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणे. बोली मराठी, आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर. जे वसईत दाराआड करावं लागे, ते इथे साऱ्या गावादेखत चाले. एक तर या गावांवर पोर्तुगीजांचा अंमल नव्हता. दुसरं असं, की पाखंडाचा खटला मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यावर चाले, आणि या तेल्यांना कुणी बाप्तिस्मा दिलेलाच नव्हता. सक्तीचं ते पाणी डोक्यावर पडलं, की माणूस त्या न्यायालयाच्या कक्षेत आला.

वसई १७३९ साली चिमाजीअप्पांनी घेतली. मुंबई त्याआधीच इंग्रजांकडे गेली होती आणि पुढे बेने इस्रायल तिथे कामधंद्याला जाऊ लागले. कंपनीच्या फौजेतले सॅम्युअल दिवेकर त्यांतलेच. ऑर्टानं जे बेट खंडानं घेतलं होतं, तिथेच १७९६ साली त्यांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं.