गावकुसापासून कंपाऊंडपर्यंत

दीड मीटर. म्हंजे पाच फुटाला इंचभर कमी. समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजलं तर घराच्या कंपाऊंडची भिंत एवढीच उंच बांधता येते. 2.4 मीटरपर्यंत न्यायची असेल तर वरचा 0.9 मीटर जाळीचा पाहिजे, आरपार दिसणारा. प्लॉट कोपऱ्यावरचा असेल तर चौकापासून दोन्ही अंगांना दहा मीटर लांबीपर्यंत भिंत पाऊण मीटरच, त्यावर हवं तर पाऊण मीटर रेलिंग. वळणावर येणारं माणूस दिसलं पाहिजे म्हणून. कारखाना, शाळा, दवाखाना, वीज उपकेंद्र यांना 2.4 मीटरची सवलत मिळू शकते. तुरुंगाच्या भिंतीला मात्र मर्यादाच नाही. हे सरकारला बरोब्बर आठवलं!

हा नियम मुंबई-पुण्याचा म्हणून सोडून देऊ नका. आपल्या सोनपेठच्या नगरपरिषदेलाही तोच लागू आहे. 2 डिसेंबर 2020 ला राज्य सरकारनं एकत्रीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. मुंबई महापालिका, एमआयडीसी, थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपरिषदा असे काही अपवाद वगळले तर सगळ्या महाराष्ट्राला एकच पुस्तक झालं. त्याआधी 2013 मध्ये अ, ब, क वर्गाच्या नगरपरिषदांसाठी प्रमाणित नियम आले होते. जुनं गेलं, नवं आलं. पण नव्या पुस्तकाचं पहिलं पान उघडतानाच एक गोष्ट धरून चाललेली आहे : तुमच्याकडे प्लॉट आहे, प्लॉटला चार बाजू आहेत, आणि त्या चार बाजू कुठल्या तरी नकाशावर आहेत.

दोस्तहो, इथंच आपला इतिहास सुरू होतो.

जुनं गाव दोन मातींचं. काळी म्हंजे शेतीची, पांढरी म्हंजे वस्तीची. पांढरीभोवती कूस. कुठं दगडाचं, मराठवाड्यात बहुतेक जागी पांढऱ्या मातीचंच. पाटील-देशमुखांच्या गढ्या त्याच मातीच्या. कुसाला वेस, वेशीला दार, दाराला अडसर. रात्री दार लागायचं. दाराशी कोण? येसकर. घुंगराची काठी घेऊन रात्रभर गाव राखणारा. सगळ्या गावाची कवाडं आतून बंद झाली की जो बाहेर उरायचा, तो. गावात चोर शिरला तर आधी जाब त्याला. आणि सकाळी त्याच गावात दारोदार भाकर मागायची, ती हक्काची असूनही मागायची.

बरं, कूस पावसात ढासळलं तर ते लिंपायचं कुणी? महारानं. चावडी झाडायची, सरकारी सारा तालुक्याला पोचवायचा, आल्या-गेल्या अंमलदाराच्या घोड्यापुढं धावायचं. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 साली ‘गावगाडा’ लिहिलं. आत्रे महसूल खात्यातले, त्यांची नजर वरून खाली बघणारी, पण महाराच्या कामाची यादी त्यांनी टिपून ठेवली हे बरं झालं. ती वाचताना धाप लागते.

त्या यादीतलं एक काम मात्र बाकीच्यांहून वेगळं. शिवेचं. दोन गावांची शीव कुठून जाते, कुठला धोंडा कुणाचा, कुठल्या ओढ्यापलीकडं आपलं गाव संपतं, हे महाराला ठाऊक असायचं. पाटलाला नाही, कुळकर्ण्याच्या वहीलाही नाही. शिवेचं भांडण पेटलं की महाराला बोलवायचे. त्याची साक्ष मानायचे. पेशवाईतल्या निवाड्यांत शीव चालून दाखवण्याची दिव्यं आहेत. डोक्यावर शिवेची माती घ्यायची, कुठं ओलं कातडं घ्यायचं, आणि चालायचं. जिथून तो चालला ती हद्द. पुढं इंग्रजांच्या मुलखात मोजणी आली, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निजामाच्या मराठवाड्यातही आली. तेव्हा साखळी ओढायला, निशाण धरायला, दगड रोवायला गावकीचा महारच होता.

आता हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. ज्याच्या चालण्यानं गावाची हद्द ठरते त्याचं घर त्या गावाच्या कुसाबाहेर. साऱ्या शिवाराचा नकाशा ज्याच्या पायात होता त्याच्या नावानं त्या नकाशावर काय आलं? फार तर हाडकी-हाडोळा. तीही चाकरीच्या बदल्यात, चाकरी करून मरावं म्हणून दिलेली. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं ते उगीच नाही. ही जमीन म्हंजे मालकाच्या हातातली दोरी आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

कुसाबाहेर आपण का, याचं उत्तर मनूनं दिलंय. चांडाळांनी गावाबाहेर राहावं, म्हंजे गावानं हाकललं म्हणून बाहेर. बाबासाहेबांनी 1948 च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये ते उत्तर उलटं फिरवलं. त्यांचं म्हणणं असं की स्थिर झालेल्या टोळ्यांना राखणदार पाहिजे होते, हरलेल्या टोळ्यांतून फुटून निघालेल्या माणसांना आसरा पाहिजे होता, आणि ती माणसं पहिल्यापासूनच कुसाबाहेर वसली. अस्पृश्यता नंतर आली, जागा आधी होती. पुरावा तुटक आहे, दुवे तर्कानं जोडावे लागतात, हे ते लपवत नाहीत. इतिहासाचे प्राध्यापक यावर नाकं मुरडतात. मुरडोत. येसकराची काठी आणि कुसाबाहेरचं घर या दोन गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला कशा आल्या, याचं दुसरं धड उत्तर मला तरी कुठं वाचायला मिळालेलं नाही.

कुंपणाचा सगळ्यात मोठा खटला आपल्यापैकी बहुतेकांना पाण्याचा खटला म्हणून पाठ आहे. महाड. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, हे शाळकरी पोरही सांगेल. पण 12 डिसेंबर 1927 ला महाडच्या कोर्टात जो दावा पडला त्याचा मुद्दा किती जणांनी वाचलाय? सवर्णांचं म्हणणं होतं, तळं सार्वजनिक नाहीच. ते आमच्या मालकीचं, आमच्या वहिवाटीचं. झालं होतं असं की तळ्याभोवती म्युनिसिपालटीचे रस्ते, रस्त्यांपलीकडं बहुतेक सवर्णांची घरं. त्या घरमालकांच्याच काठावर जमिनीच्या पट्ट्या, दगडी पायऱ्या, बांधीव कठडे. चार-पाच एकर पाणी मधे, आणि काठ ज्याच्या त्याच्या नावावर. कुंपण न घालताच तळं कोंडलेलं.

निकाल कशावर लागला? नगर भूमापनाच्या उताऱ्यावर मोठा भाग. तळ्याचा नंबर 217. सरकारी जमीन, म्युनिसिपालटीकडं आलेली. म्हंजे 1923 चा बोले ठराव आणि त्यामागून 1924 मध्ये महाड म्युनिसिपालटीनं केलेला ठराव हवेत नव्हते, त्यांच्याखाली एक नंबर होता. खालच्या कोर्टानं 1931 मध्ये दावा फेटाळला, जिल्हा कोर्टानं 1933 मध्ये अपील फेटाळलं. हायकोर्टात मालकीचा मुद्दा सवर्णांनी सोडूनच दिला, उरली ती वहिवाट. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी 17 मार्च 1937 ला सांगितलं की अनादि काळापासूनची रूढी सिद्ध झालेली नाही. दहा वर्षं लागली. सत्याग्रह रस्त्यावर झाला, पण तळं कुणाचं हे उताऱ्यावर ठरलं. आपल्या चळवळीत पहिलं जेवढं गाजलं तेवढं दुसरं गाजलं नाही. उताऱ्याला घोषणा देता येत नाहीत ना!

मराठवाड्यात 17 सप्टेंबर 1948 ला निजाम गेला. गावकुसं तर त्याच्या आधीच ढासळायला लागली होती, लुटारूंचं भय गेलं तशी ती कुणी लिंपेना. वेशीची कमान राहिली, दार गेलं. पण बाहेरचा तो बाहेरच राहिला. कूस मातीचं होतं तोवर निदान दिसत तरी होतं. ते पडल्यावर ते किती पक्कं आहे हे कळायला 1978 साल उजाडावं लागलं. 27 जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडाभर आपल्या वस्त्या पेटल्या. परभणी, नांदेड जिल्ह्यांत विशेष. एवढी घरं जळाली आणि शेजारच्या सवर्णाच्या छपराला झळ लागली नाही, ती का? वस्ती वेगळी होती म्हणून आग वेगळी लावता आली. शेकडो वर्षांपूर्वीच्या नगररचनेचा हा उपयोग. नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 ला. तोवर जळालेल्या घरांच्या जागी पुन्हा घरं उभी राहिली होती, बहुतेक त्याच जागी.

दुसरी गोष्ट गायरानाची. 1953 पासून मराठवाड्यात भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, आणि 6 डिसेंबर 1964 पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर. लाखो माणसं तुरुंगात गेली. आपल्या माणसांनी गायरानं फोडली, दगडगोटे वेचले, ज्वारी पेरली. पेरलं की कुंपण लागतं. तारेला पैसा नाही, म्हणून बाभळीच्या काट्या ओढून आणायच्या. रात्री काट्या बाजूला होतात, पिकात गुरं शिरतात. सकाळी कुणाचीच गुरं नसतात! कितीक गावांत बहिष्काराची सुरुवात अशाच एका काटेरी कुंपणापासून झाली. सोनपेठला लागून बीड जिल्हा आहे. तिकडं एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानानं ही लढाई पुढं नेली. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयानं 14 एप्रिल 1990 पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायचं कबूल झालं. कबूल झालं एवढंच म्हणतो, कारण सातबारा हातात न आलेली घरं आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहेत. पुढं 28 जानेवारी 2011 ला सुप्रीम कोर्टानं जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितली. साहेब लोक तो निकाल नाचवत येतात. त्याच निकालात अपवाद लिहिलेला आहे : सरकारी निर्णयानं भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जमीन दिली असेल तर ती नियमित होऊ शकते. तेवढी ओळ कुणी वाचून दाखवत नाही. ती आपण वाचायची.

शहरात तरी सुटका होईल, म्हणून बाबासाहेब खेडं सोडा म्हणाले. पेठेत जात विचारत नाहीत असं वाटायचं. सोनपेठच्या नावातच पेठ आहे. पण तालुक्याच्या कुठल्याही गावात बाजाराच्या दिवशी फिरून बघा. मोठ्या दुकानाचा पत्रा नालीवरून रस्त्यात आलेला असतो, त्याला दुकान म्हणतात. त्याच्यापुढं टोपलं घेऊन बसलेल्या बाईला अतिक्रमण म्हणतात. 2014 पासून पथविक्रेत्यांचा कायदा आहे, तरी गाडी येते ती आधी टोपल्यावर.

आणि कंपाऊंडची भिंत काय करू शकते ते तमिळनाडूत दिसलं. मदुराई जिल्ह्यातल्या उथापुरमला दलितवस्ती तोडणारी भिंत वीसेक वर्षं उभी होती, तिचा काही भाग पाडायला 6 मे 2008 उजाडला. तिथं निदान भिंतीचं नाव तरी उघड होतं. कोइम्बतूर जिल्ह्यात मेट्टुपाळयमला तर ते एका घराचं साधं कंपाऊंड. खाली दलितांची घरं, वर वीसेक फुटांची भिंत. लोक ओरडून सांगत होते की ती धोक्याची आहे. 2 डिसेंबर 2019 च्या पहाटे पावसात ती कोसळली आणि 17 माणसं झोपेतच गेली. आपल्याकडच्या दीड मीटरच्या नियमाशेजारी ते वीस फूट ठेवून बघा. कोपऱ्यावरच्या माणसाची गाडी दिसावी म्हणून पाऊण मीटरचा हिशोब करणाऱ्या राज्यव्यवस्थेला वीस फूट दिसत नाहीत, असं नसतं. खालच्या घरातून आलेली तक्रार दिसत नाही.

म्हणून मी म्हणतो की हे पुस्तक आपल्या कामाचं आहे. नव्या वसाहतीत कुणी कंपाऊंड वाढवून वस्तीची वाट बंद केली, की आपण मोर्चा काढतो. काढावा. पण त्याआधी टेप घेऊन उंची मोजावी. वाट विकास आराखड्यात किंवा मंजूर रेखांकनात आहे का, हे माहितीच्या अधिकारात मागावं, तो कायदा 2005 पासून आहे. वाट शेताकडची असेल तर तहसीलदाराकडं 1906 चा मामलेदार कोर्ट कायदा आहे. इतका जुना कायदा, आणि अजून चालतो. जमीनदारांनी तो एकमेकांविरुद्ध भरपूर वापरलाय.

आणि वस्तीचाच उतारा नसेल तर? डिसेंबर 2020 मध्येच, म्हंजे ही नियमावली आली त्याच महिन्यात, वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचाही शासन निर्णय निघाला. महारवाडा, मांगवाडा ही नावं जाऊन समतानगर, भीमनगर अशी नावं यावीत. चांगलं झालं. पाटी बदलली. पण पाटीखालच्या जमिनीचा धारक कोण, या रकान्यात अजून ‘सरकार’ असेल तर त्या नगरातला माणूस कुंपण घालायला गेला की अतिक्रमणदार ठरतो, आणि शेजारचा प्लॉटवाला कुंपण घालतो तेव्हा मिळकतदार. 2018 मध्ये शहरांतल्या सरकारी जमिनीवरची राहती घरं नियमित करायचं धोरण आलंय. त्यात मोजणी पाहिजे, नकाशा पाहिजे, वस्तीनं एकत्र अर्ज करायला पाहिजे. घरोघरची जुनी कागदं, घरपट्टीच्या पावत्या, लाईटबिलं, मतदारयादीतली नावं गोळा करायला चार-सहा पोरं महिनाभर फिरली पाहिजेत.

आराखड्यात किंवा नियमात बदल करायचा असला तर नगरपरिषदेला 1966 च्या नगररचना कायद्याखाली जाहीर सूचना द्यावी लागते आणि हरकतींसाठी महिनाभर मुदत ठेवावी लागते. सूचना पेपरात आतल्या पानावर बारीक टाइपात येते, आणि कचेरीच्या फलकावर लागते. फलक बहुतेक जिन्याखाली असतो. कार्यालयीन वेळ पावणेदहा ते सव्वासहा.