शाबुकंदाची साल

नागालँडच्या खेड्यांत चुलीवर माणसांचा भात झाला की डुकरांचं पातेलं चढतं. अळूची पानं, केळीचा खांब, भाताचा कोंडा आणि शाबुकंदाच्या साली. जनावरासाठी एवढं सरपण जाळायचं, याचं नव्याने पोस्टिंगवर आलेल्याला नवल वाटतं.

हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांबरोबर तो मलबारात उतरला. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ (१८८०-८५) यांनी गरिबाचं अन्न म्हणून त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं. त्याची खरी किंमत कळली ती १९४२ साली. जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला, रंगूनचा तांदूळ थांबला, आणि बाहेरच्या तांदळावर जगणारं त्रावणकोर या कंदावर तगलं. रंगूनचं पतन आम्ही फौजी लोक नकाशावरच्या बाणांनी शिकतो. चुलीपर्यंत तो बाण कुणी काढत नाही. त्याच युद्धात मलाया-सिंगापूरकडचा साबुदाणाही बंद झाला आणि तमिळनाडूत सेलमला या कंदापासून तो करणारे कारखाने निघाले. आपल्या एकादशीची खिचडी बरीचशी त्यांच्याच जिवावर.

कंद माणूस खातो, साल उरते. आणि विष सालीतच जास्त. त्यातल्या लिनामॅरिनपासून, पेशी फुटल्या की, कंदातलंच एक एन्झाइम सायनाइड सोडवतं. उपायही त्यातच आहे: साली बारीक चिरून उन्हात पसरल्या की ते वायू होऊन उडून जातं. अख्ख्या साली थेट उकळत्या पाण्यात टाकल्या तर एन्झाइम आधी मरतं आणि विषाचा बराच भाग तसाच राहतो. म्हणून आधी चिरायच्या, वाळवायच्या, मग शिजवून पाणी फेकायचं. इथल्या पावसाळ्यात ऊन कुठलं! तेव्हा चिरलेल्या साली हवाबंद दाबून मुरघासासारख्या आंबवाव्या लागतात.

मोठं डुक्कर बरंच काही पचवतं. नुकतं दूध तुटलेलं पिल्लू नाही. सालीत तंतू फार, प्रथिनं नावाला; नुसत्या सालीवर ठेवलं तर वाढ खुंटते. त्यामुळे साल थोडीच, हळूहळू वाढवत, आणि जोडीला सोयापेंड किंवा सुकी मासळी हवीच. पेंड विकत घ्यावी लागते, साल फुकट मिळते, आणि मोह तिथेच होतो. या डोंगरांत डुक्कर म्हणजे घरची शिल्लक. मुलांची फी, लग्न, नाताळ सगळं त्यातूनच निघतं.