साथीदाराचा प्रश्न

गोंधळ ऐन रंगात आलेला असतो. दिवटी पेटलेली, संबळ चढलेला, मुख्य गोंधळी आख्यानातल्या राजाला रथात बसवून नगराबाहेर काढतोय, आणि तेवढ्यात साथीदार तुणतुणं थांबवून विचारतो, "राजा निघाला ते खरं, पण जेवला का?" मांडवात हशा पिकतो. गोंधळी कपाळाला हात लावतो, त्याला वेड्यात काढतो, आणि शेवटी राजाला जेवू घालूनच पुढे निघतो.

उघड्यावरच्या कलांच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्याने सुरुवात या मध्येच बोलणाऱ्यापासून करावी, असे मला वाटते. तमाशाच्या बतावणीत तो सोंगाड्या असतो, गवळणीत मावशी. कृष्ण झाला म्हणून काय झाले, वाट अडवली की मावशी त्याला जाब विचारणारच. आपण कविता एका कप्प्यात आणि विनोद दुसऱ्यात ठेवतो. इथे विनोद कवितेच्या पोटातच वाढतो, आणि तो बोलतो ऐकणाऱ्यांच्या वतीने. आख्यान लिहून घेताना हे प्रश्न किरकोळ म्हणून गाळले, की कला अर्धीच हाती लागते. माझ्या पहिल्या वहीत मी नेमके तेच केले होते. आख्यान सगळे उतरले होते, हशा एकही नव्हता.

या अभ्यासाला नळदुर्ग मोठे सोयीचे गाव आहे. तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे. एकीकडे भवानीचे गोंधळी आणि आराधी, दुसरीकडे मैलारपूरचा खंडोबा. हा देव वर्ष वाटून घेऊन अणदूर आणि मैलारपूर अशा दोन ठिकाणी राहतो, पौष पौर्णिमेच्या यात्रेला मैलारपुरात असतो. देवच मुक्काम हलवतो म्हटल्यावर रंगमंच तरी एका जागी कसा थांबेल? वाघ्याची दिमडी आणि मुरळीच्या हातची घंटी जिथे वाजेल तिथे जागरण. त्या गाण्यात रमताना एक गोष्ट नजरेआड करू नये. देवाला मुली सोडण्याची प्रथा या कलेला चिकटलेली होती आणि महाराष्ट्राला २००५ सालीही तिच्या निर्मूलनासाठी कायदा करावा लागला.

आता नळदुर्गच्या किल्ल्याकडे. बोरी नदी अडवून नळदुर्ग आणि शेजारचा रणमंडळ किल्ला जोडणारा बंधारा, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल. १६१३ सालचे हे काम दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीतले. हा सुलतान 'किताब-ए-नौरस'चा कर्ता, दखनी गीते रागांत बांधणारा. कारंजी आणि बागा सोडून त्याच्या काळात अख्खी नदीच देखाव्याला जुंपली गेली, याचे मला नवल वाटत नाही. पावसाळ्यात नदी भरली, की बंधाऱ्यावरून पाणी दोन धारांनी कोसळते. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. महालाच्या खिडकीशी उभे राहावे, तर समोर पाण्याचा पडदा आणि आपण आत कोरडे. प्रेक्षक कुठे उभा राहील हे बांधणाऱ्याने आधी ठरवले, मग पाण्याला वाट दिली.

पाणी महाल बघणाऱ्याला कोरडा ठेवतो. जागरण ठेवत नाही. दरबारी कला आणि यात्रेतली कला यांतला फरक मी असा समजतो, पण तोही फार ताणू नये. भर पावसात रविवारी किल्ल्यावर जाऊन बघा. कुणी एक जण नवख्या पाहुण्यांना नर कोणता नि मादी कोणती हे मोठ्या आवाजात समजावत असतो, आणि मागून दुसरा ते खोडून काढत असतो. साथीदार तिथेही पोचलेला!

वाचायचे म्हटले तर दुर्गा भागवतांची 'लोकसाहित्याची रूपरेषा' आहे, रा. चिं. ढेऱ्यांचा 'खंडोबा' आहे, धनगरांच्या देवांमागे रानोमाळ हिंडलेले सोन्थायमर आहेत, प्रभाकर मांडे आहेत. ढेऱ्यांपासून सुरुवात करावी. पण त्याआधी एक जागरण पदरात पडलेले असावे, म्हणजे पुस्तकातला शब्द कानाला ओळखीचा लागतो.

जाताना पेन्सिल न्या. भंडारा उधळला की शाईपेनाच्या टोकाची वाट लागते. पौषातली रात्र गार असते, घोंगडी किंवा शाल असू द्या. आणि कडेला वही उघडून बसू नका, पुढे बसा. वाघ्या गाता गाता थांबेल आणि नाव-गाव विचारेल. ते सांगा. पुढच्या कडव्यात ते येईल, बहुधा तुमची थोडी फजिती करूनच.